आधी विचारण्याचं खूळ

आमच्या भागात एखाद्याला खूळ लागलं की लोक तोंडावर सांगतात, "तुला खूळ लागलंय." वीस वर्षांपूर्वी डोंगरउतारावर चर खणणाऱ्या मास्तरांना सांगितलं, पुढे बिनखताची शेती करणाऱ्याला सांगितलं. अलीकडे हे वाक्य ऐकायची पाळी आमच्या न्यासातल्या एका तरुण विश्वस्तावर आली. कारण साधं होतं. अभ्यासिका बांधायला देणगी आली होती, जागा ठरली होती, भूमिपूजनाची तारीख निघाली होती. आणि हा मुलगा बैठकीत उभा राहून म्हणाला, "आधी लोकांना विचारू. घरोघर जाऊ, लिहून घेऊ, मोजू. मग पुढच्या पाच वर्षांत काय करायचं आणि काय नाही ते ठरवू."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, आपण इथलेच. आपल्याला काय माहीत नाही?"

मी या खुळाची स्तुती करायला बसले आहे, आणि अगदी मनापासून करणार आहे. समाजासाठी घरचं खाऊन राबणाऱ्या संस्थांकडे दया असते, चिकाटी असते, हिशेबाच्या वह्यासुद्धा चोख असतात. कमी पडतं ते हे एक खूळ. ज्यांच्याकडे ते होतं त्यांनी या राज्यात काय करून दाखवलं ते मला सांगायचं आहे, आणि आमच्यासारख्या चिमूटभर न्यासाला त्यातून काय मिळालं तेही.

सुरुवात मुंबईच्या फुटपाथपासून करते. भायखळ्याच्या रस्त्यांवर, भिंतीला टेकवलेल्या झोपड्यांत हजारो कुटुंबं राहत होती. सरकारी झोपडपट्टी गणनेत ती नव्हती, कारण ती झोपडपट्टीत राहत नव्हती, फुटपाथवर राहत होती. बऱ्याच जणांकडे रेशनकार्ड नव्हतं. महापालिकेच्या गाड्या यायच्या, भांडी-कपडे उचलून न्यायच्या, आणि दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा चूल पेटायची. मग जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे न्यायालयाने मान्य केलं, पण फुटपाथवरच्या झोपड्या पावसाळ्यानंतर, 31 ऑक्टोबर उलटल्यावर हटवायला मुभाही दिली. हातात साडेतीन-चार महिने होते.

अशा वेळी शहाणपण काय सांगतं? मोर्चा काढा, वकील गाठा, ताडपत्र्या गोळा करा. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये सुरू केलेली स्पार्क ही संस्था तेव्हा नवी होती. महापालिकेच्या दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये तिचं बस्तान होतं आणि फुटपाथवरच्या बायका तिथे येऊन बसायच्या. या मंडळींनी ठरवलं की आपण माणसं मोजायची. डोक्यावरचं छप्पर चार महिन्यांत जाणार आणि हे लोक मोजायला निघाले! त्या वेळी कुणी डोक्याला हात लावला असेल तर त्याला मी दोष देणार नाही.

मोजणी झाली. सुमारे 6,000 कुटुंबं, सुमारे 27,000 माणसं. त्याच वर्षी अहवाल निघाला, त्याचं नाव 'वी, द इन्व्हिजिबल'. म्हणजे आम्ही, न दिसणारे. ही माणसं काल-परवा आलेली नव्हती, कित्येकांची मुलं फुटपाथवरच जन्मली होती. बहुतेक जण कामावर पायी जात होते, आणि म्हणूनच ते तिथे राहत होते. कामाच्या जागेपासून दूर कुठे घर दिलं असतं तर गाडीभाड्यात मजुरी संपली असती. दान करू इच्छिणारा कुणीही भला माणूस त्यांना लांबवर पत्र्याची घरं बांधून द्यायला तयार झाला असता, आणि ती घरं ओस पडली असती. हे मोजल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची. अशी पाहणी पेटीत बंद करून तज्ज्ञांकडे न्यायची नाही, ती त्याच वस्तीत परत आणायची, वाचून दाखवायची, बायकांनी "हे चुकलं, आमच्या ओळीत अजून चार चुली आहेत" म्हणायचं आणि आकडा दुरुस्त करायचा, अशी रीत तिथून रुजली. 1986 मध्ये याच बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ सोबत आला. आपलं घर कसं हवं हेही बायकांनीच ठरवलं. जागा लहान, पण उंची 14 फूट, म्हणजे वर माळा निघतो आणि रात्री सगळे झोपू शकतात. पुढे रेल्वेरुळांलगतच्या वस्त्यांची मोजणी याच पद्धतीने झाली आणि रुळांलगतची हजारो कुटुंबं हलवायची वेळ आली तेव्हा त्या याद्या कामी आल्या. नंतर तीच रीत दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांपर्यंत पोचली. ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्या बायकांनी मोजायला शिकवलं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं आहे. ते मराठी वाचकाला ओळखीचं आहे, पण मला त्यातला जो भाग महत्त्वाचा वाटतो तो सहसा पुढे येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेलचा अभ्यास केला. रोग होता, अभ्यास चांगला होता, सरकारलाही तो कळवला गेला. पण लोकांना त्याचं काहीच वाटलं नाही. तो प्रश्न डॉक्टरांच्या कुतूहलाचा होता, लोकांनी विचारलेला नव्हता. डॉ. बंग यांनी हे स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे, आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच कबुलीमुळे वाटतो. संस्था काढणाऱ्या माणसाला आपला आवडता प्रश्न बाजूला ठेवणं फार जड जातं. आम्ही ते अभ्यासिकेपुरतं अनुभवलं आहे.

मग बायकांच्या आजारांचा प्रश्न आला. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असंच जगभर धरलं जात होतं. दोन गावांतल्या दारांवर जाऊन विचारल्याने ते बदलायला लागलं. इथे मला थांबून एक सांगावंसं वाटतं. या बायका गप्प होत्या म्हणून त्यांना त्रास नव्हता असं नाही, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारणारी बाई होती, तिला गावातल्या बायकांची साथ होती, तिने तपासायला खोली केली होती, म्हणून उत्तरं आली. प्रश्न कोण विचारतं, कुठे बसून विचारतं, यावर अर्धं उत्तर ठरतं.

दवाखाना बांधायच्या आधीही लोकांना विचारलं गेलं. मोठ्या दवाखान्याची भीती का वाटते? तिथले लोक पांढरे कपडे घालतात, उत्तर आलं. पांढऱ्या कापडात आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. सोबत आलेल्या नातेवाइकांना तिथे राहता येत नाही, हीही अडचण होती. मग शोधग्राम या 'सर्च'च्या आवारातला दवाखाना आदिवासी वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. कुठल्याही वास्तुविशारदाकडून असला नकाशा आला नसता.

तिथलीच आणखी एक वस्तू मला डोळ्यांसमोर दिसते. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून श्वासमापक तयार झाला. एका बाजूला मिनिटाची वाळूची घडी, दुसरीकडे तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटच्या मण्यापर्यंत पोचलं की मूल आजारी. निरक्षर बाई लेकराच्या पोटाकडे बघत, ओठ हलवत दहा मोजते आणि मणी सरकवते. मोजणं म्हणजे कोरडेपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघावं. पुढे 1995 पासून 39 गावांत घरोघरच्या नवजात बाळांची काळजी आरोग्यदूतांनी घेतली. शेजारच्या 47 गावांतले मृत्यूही तितक्याच काटेकोरपणे मोजले, म्हणजे तुलना करता यावी. त्या 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1988 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 121 बाळं पहिल्या वर्षात जात होती, हा आकडाही मोजला होता म्हणूनच ठाऊक होता. 2011 पासून ही पद्धत देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात आली.

'प्रथम' या संस्थेने 2005 मध्ये सुरू केलेल्या 'असर' पाहणीचं थोडक्यात सांगते, कारण आमच्या त्या तरुण विश्वस्ताने आमच्या पाहणीचा फॉर्म तयार करताना तिच्याकडून बरंच उचललं. जिल्ह्यातली 30 गावं, गावातली 20 घरं, आणि मुलांना शाळेत नव्हे, घरी गाठायचं. शाळेत गेलात तर जे शाळेत येत नाही ते मूल तुम्हाला दिसणारच नाही. वाचायला एक कागद द्यायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. पाचवीतलं मूल दुसरीची गोष्ट वाचू शकत नाही, हे आईच्या समोर, तिच्या ओट्यावर कळतं. एका कागदावर एवढं मोठं सत्य मावतं हे पाहिल्यापासून मला चाळीस पानी फॉर्मबद्दल फारसा आदर राहिलेला नाही.

आता आमच्याकडे येते.

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि माणसं परत येतात ती कारखान्यांची धुराडी थंडावल्यावर, पाडवा-अक्षय्य तृतीयेच्या आसपास. आमचा न्यास इथल्याच शिक्षकांनी काढलेला. दर जूनला वह्यावाटप, हिवाळ्यात आरोग्य शिबिर, आणि पुण्याला स्थायिक झालेल्या गावकऱ्यांच्या देणग्या. त्यांतल्याच एका सज्जन गृहस्थांनी आईच्या नावाने अभ्यासिकेसाठी पैसे दिले होते. हेतू इतका निर्मळ होता की त्याच्या आड यायला जीभ धजत नव्हती.

पण मुलगा हटेना. शेवटी अध्यक्षांनी परवानगी दिली, "दोन महिन्यांत उरका" म्हणून. गावाची यादी घेतली, दर पाचवं घर काढलं, तेरा प्रश्नांचा फॉर्म छापला आणि शेवटी 'इतर' नावाचा एक रिकामा रकाना ठेवला. डिसेंबरात निघालो. पहिल्याच तांड्यावर कुलपं. दुसऱ्या वस्तीवरही कुलपं. म्हातारी माणसं, दोन-तीन पोरं आणि कोंबड्या. मुलगा फॉर्मवर 'घर बंद' असं लिहीत चालला. संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "बंद घर सोडा, शेजारचं उघडं घर घ्या, तेवढाच फॉर्म भरतो."

तो म्हणाला, "सर, बंद घरं सोडली तर आपण फक्त ज्यांना जावं लागत नाही त्यांनाच विचारलं असं होईल. आणि आपण काम कुणासाठी करतो?"

बैठकीत शांतता पसरली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. आम्ही इथलेच असल्यामुळे आम्हाला सगळं माहीत आहे, हा समज त्या दिवशी माझ्यापुरता तरी संपला. तसा तो आधीच संपायला हवा होता. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्याआधी 'अमकीची पिशवी काढली' असं आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं. एक-एक बाई म्हणून ऐकलं होतं. इतक्या जणी आहेत हे आमच्यासारख्या इथल्याच माणसांपैकी कुणालाही माहीत नव्हतं.

आम्ही थांबलो. देणगीदारांना फोन करून सांगावं लागलं की भूमिपूजन पुढे ढकललं आहे. ते दुखावले. त्यांच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पहिल्या वर्षश्राद्धाला पाटी लागावी असं त्यांच्या मनात होतं. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आम्ही सहा महिने थांबलो, बस्स.

वैशाखात पुन्हा गेलो तेव्हा कुलपं निघाली होती. तांड्याच्या टोकाच्या घरात एक बाई दारात बसून चिंचा फोडत होती. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग, बोटं काळीनिळी. मी रीतसर नमस्कार करून फॉर्म काढला, पहिला प्रश्न विचारला. तिने हातातली चिंच खाली ठेवली नाही.

"बाई, तुमी काय देनार ते आदी सांगा. मंग मला काय पायजे ते मी सांगते."

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एवढं अचूक वाक्य क्वचितच ऐकलं. आम्ही वह्या घेऊन आलो की तिला वह्या हव्या असायच्या. डॉक्टर घेऊन आलो की तिचे गुडघे दुखायचे. तिची गरज काय आहे हे तिला नव्हे, आम्ही आणलेल्या टेम्पोला विचारायचं, अशी सवय आम्हीच तिला लावली होती. मी फॉर्म मिटला. म्हटलं, "मावशी, आज काहीच आणलं नाही. उद्याही काही देईन असं वचन देत नाही. फक्त ऐकायला आलेय, आणि ऐकलेलं लिहून ठेवणार आहे."

ती बराच वेळ बोलली नाही. चार-पाच चिंचा फोडून झाल्या. मग म्हणाली, "पोरीची गाडी हुकते."

तेरा प्रश्नांपैकी कुठल्याही प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. 'इतर'मध्ये लिहिलं. गावातली शाळा आठवीपर्यंत, पुढे तालुक्याला जावं लागतं. एसटीचा पास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट मिळतो, म्हणून प्रवासाचा प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो होतो. पण परतीची गाडी शाळा सुटायच्या आधी निघायची. ती पकडायची तर शेवटचे दोन तास बुडतात, नाही पकडली तर पुढची गाडी दिवेलागणीनंतर. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत अंधारात पायी यायचं. एका संध्याकाळी कुणीतरी मोटरसायकलवरून पाठलाग केला, आणि त्या महिन्यात तांड्यावरच्या मुली शाळा सोडून घरी बसल्या. मुलगी घरी बसली की तिला तोडीला जाताना मागे ठेवायची भीती वाटते. मग लग्न, आणि लग्न झालं की नवा कोयता. आई-वडील क्रूर नव्हते. गाडीची वेळ चुकीची होती.

तिथून आम्ही प्रत्येक घरात 'इतर' आधी विचारायला लागलो आणि तेरा प्रश्न नंतर. आसपासच्या वस्त्यांवरच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा गाडी येत राहिली, कधी मुलीच्या निमित्ताने, कधी दवाखान्याच्या. अभ्यासिका एकाही घरातून आली नाही. वह्या आल्या, पण शेवटी, आणि "तुमी देताच की" असं म्हणून.

मग आराखड्याला बसलो. पाच वर्षांचा धोरणात्मक आराखडा म्हटलं की गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रं डोळ्यांपुढे येतात. आमचा एका फुलस्केप कागदावर मावला. अर्ध्या भागात करायच्या तीन गोष्टी, अर्ध्या भागात सोडायच्या. आणि मी अनुभवाने सांगते, सगळा आराखडा त्या दुसऱ्या अर्ध्यात असतो. वह्यावाटप बंद करायचं ठरलं तेव्हा आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं त्यांनी दर जूनमध्ये प्रत्येक वहीवर मुलाचं नाव स्वतः घातलं होतं. प्रेमाने केलेली गोष्ट गरजेची राहिलेली नाही हे मान्य करायला माणसाला मोठं मन लागतं. त्यांनी ते दाखवलं. मला वाटतं आमच्या न्यासाच्या इतिहासातलं ते सगळ्यात मोठं दान.

कायद्याला यातलं फारसं काही नको असतं. कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि मोठ्या प्रकल्पांचं काम झाल्यावर परिणाम मोजणं नियमाने बंधनकारक आहे. आधीच्या गरजपाहणीचा उल्लेखही नियमांत आहे, पण 'असल्यास' या शब्दासकट. नंतर मोजायची सक्ती आणि आधी विचारायची मुभा. म्हणून शाळेत संगणक पोचतो आणि पेटीतच राहतो, कारण तिथे वीजच तीन तास असते. पुढे परिणाम मोजायला माणूस येतो तेव्हा पेटी मोजतो. या एका 'असल्यास'वर कुणीतरी जोर लावावा असं मला कळकळीने वाटतं.

सगळ्याच पाहण्या चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. लोकांचे दोन-दोन तास घेऊन, त्यांच्या चुलीत डोकावून, फोटो काढून गेलेली माणसं आमच्या तांड्यांनी पाहिली आहेत. त्यांतली बरीच परत आली नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायला फॉर्मही चालतो. विचारून परत न येणं हा मला न विचारण्यापेक्षा मोठा अपमान वाटतो. वेड पांघरून पेडगावला जाणारेही पाहिले, ज्यांना अभ्यासिकाच बांधायची असते आणि त्यासाठी पाहणीचा निष्कर्ष हवा असतो. मी स्तुती करते आहे ती खरंच खूळ लागलेल्यांची. उत्तर आपल्या मनाविरुद्ध आलं तर बांधकाम थांबवणाऱ्यांची.

गाडीची वेळ बदलायला आम्हाला नऊ महिने लागले. ग्रामसभेचे ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांच्या सह्या आणि अंगठे, आगारात फेऱ्या. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचं, "एवढ्या पोरी आहेत का पण?" आणि आमचा मुलगा गावनिहाय यादी पुढे ठेवायचा. कुठल्या वस्तीवरच्या किती मुली, कितवीत, कुठल्या महिन्यात शाळा सोडून घरी बसल्या. तिसऱ्या फेरीला समोरच्या साहेबांनी ती यादी स्वतःकडे ठेवून घेतली. तेव्हा मला भायखळ्याच्या त्या बायका आठवल्या. आकडा हातात असलेला माणूस विनवणी करत नाही, तो बोलणी करतो.

देणगीदारांना सगळं सविस्तर लिहिलं. एसटीच्या वेळापत्रकावर आईच्या नावाची पाटी लावता येत नाही, हेही लिहिलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. मग ते स्वतः आले, चुलतभावाकडे उतरले, आणि संध्याकाळी मोटरसायकलवर मागे बसून फाट्यापर्यंत गेले. गाडी आली, मुली उतरल्या, बोलत बोलत तांड्याच्या रस्त्याला लागल्या. ते बघत उभे राहिले. म्हणाले, "आई अशीच चालत जायची शाळेला. चौथीपर्यंतच गेली." फाट्यापासून मुलींसोबत चालायला तांड्यावरच्याच दोन बायका ठेवल्या आहेत, त्यांचं मानधन आता ते देतात.

या वैशाखात आम्ही पुन्हा त्याच घरांत गेलो. ठरवलंच होतं की दर वर्षी परत जायचं आणि मागच्या वेळचं लिहिलेलं वाचून दाखवायचं. चिंचा फोडणारी मावशी ओट्यावर होती. मी मांडी घालून बसले तेवढ्यात तिने हात पुढे केला.

"मागच्या बारी सांगितलेलं लिवलं व्हतं का? दाखवा."

मी तिचा जुना फॉर्म काढला. तिला वाचता येत नाही. तिने आतल्या पोरीला हाक मारली. मुलगी बाहेर आली, ओल्या हाताने कागदाचा कोपरा धरला आणि 'इतर'चा रकाना मोठ्याने वाचायला लागली. पहिल्याच ओळीत थांबली.

"बाई, हे चुकलंय," ती म्हणाली. "गाडी साडेचारला नव्हती जात. पावणेपाचला जायची."

मी पेन काढून दुरुस्त केलं आणि तिच्यापुढे कागद धरला, बरोबर झालं का ते बघायला.